अठरा महिने निष्क्रिय

तेलीबाग, लखनौ
१२ जानेवारी २०२५

चि. सावनीस आशीर्वाद.

शिसमाचं जेवणाचं टेबल, आठ माणसांचं, एकही खिळा न मारता. त्याच्या आठ खुर्च्या. भिंतभर पुस्तकांचं कपाट, साडेअकरा फूट, त्यातली एकही फळी वाकलेली नाही. दोरी धरून बघ. सागवानी देवघर, जाळीसकट. स्वयंपाकघरातले बावीस खण. जिन्याचा कठडा. औषधांची पेटी, जिचे कप्पे बाईंनी बाटल्या समोर मांडून मापून घेतले. बसायचे दोन पाट, उरल्या लाकडातून. त्यांचे पैसे घेतले नाहीत.

हे सगळं मी माझ्या दोन हातांनी केलं, जून २०२३ पासून गेल्या महिन्यापर्यंत, वृंदावन योजना या वसाहतीतल्या डॉ. शर्मिष्ठाबाईंच्या घरी. आणि तुझी कंपनी म्हणते की या सबंध काळात मी निष्क्रिय होतो.

फोन करत नाही, कारण फोनवर तू ‘काका, ऐका ना’ म्हणतेस आणि मी ऐकत बसतो. कागदावर मला मध्येच कोणी तोडत नाही. तुला सगळं ठाऊक असलं तरी क्रमानं लिहितो, म्हणजे नंतर वाद नको.

दृढजोड गोंदाच्या प्रत्येक डब्याच्या झाकणाखाली एक कुपन असतं. ते खरडायचं, फोननं त्याचा फोटो काढायचा, की आपल्या नावावर पॉइंट चढतात. या योजनेचं नाव तुम्ही ठेवलंय ‘कारीगर परिवार’. नऊ वर्षं मी या परिवारात आहे. अठ्ठावन्न हजार चारशे पॉइंट झाले होते. साठ हजारांना तुमच्या यादीत टेबल सॉ आहे, मेजात बसवलेली विजेवरची करवत. मला तीच घ्यायची होती. दुसरं काही मी तुमच्याकडे मागितलं नाही. भिंतीवरचं घड्याळ नाही, मिक्सर नाही, दुबईची सहल नाही.

डिसेंबरात कुपनं खरडायला बसलो, तर पडद्यावर शून्य. तुमच्या हेल्पलाइनवर सुरुची नावाची मुलगी होती. म्हणाली, “सर, आप एक्टिव नहीं थे न.” मी म्हटलं, बेटा, मी आत्ता खुर्चीचे चार पाय जुळवून उठलोय. तर ती म्हणते, “सिस्टम में तो नहीं दिख रहा.” अच्छा. म्हणजे खुर्ची सिस्टमला दिसली पाहिजे.

मला माझे पॉइंट परत हवेत. त्याहून आधी तो शब्द परत घ्या.

तुझा काका,
दत्तात्रय


पुणे
२१ जानेवारी २०२५

दत्ताकाका, नमस्कार.

पत्र मिळालं. ऑफिसात उघडलं आणि मग जिन्यात जाऊन वाचलं.

आधीच सांगते, लपवत नाही: अठरा महिने कुपन नाही तर पॉइंट शून्य, हा नियम माझ्याच टेबलावरून गेला आहे. मी लिहिला, साहेबांनी सही केली. तेव्हा मला तो योग्य वाटला होता आणि अजूनही बराचसा वाटतो. का, ते ऐका. म्हणजे वाचा.

न वापरलेला प्रत्येक पॉइंट म्हणजे कंपनीनं दिलेला शब्द. तो शब्द पाळता यावा म्हणून दरवर्षी पैसे बाजूला काढून ठेवावे लागतात. आमच्याकडे असे हजारो सदस्य आहेत ज्यांचा नंबर बंद आहे, ज्यांनी सुतारकाम सोडून रिक्षा घेतली, जे या जगात नाहीत. एका दुकानदारानं तर चाळीस कारागिरांची खाती स्वतःच्या फोनवर चालवली होती. माणसं गावी, आणि कुपनं हा खरडतोय. तारीखच नसेल तर हे कधी थांबणार? जे रोज गोंद घेतात त्यांना जास्त देता यावं म्हणून जे थांबलेत त्यांचं बंद करावं लागतं.

तुम्हाला तीन मेसेज गेले होते. मी तपासलं. तिन्ही पोचले, एकही उघडलेला नाही. खणाच्या मापात तुम्ही सूतभर सोडत नाही, आणि मेसेज वाचत नाही?

आणखी एक, रागावू नका. लहानपणी सुट्टीत यायचे तेव्हा तुमच्या दुकानात एक पाटी होती. हिंदी वाचायला मी तिच्यावरच शिकले. “तैयार माल तीन महीने में उठा लें. उसके बाद हमारी ज़िम्मेदारी नहीं.” आमचे अठरा महिने आहेत, काका. तुमचे तीनच होते.

पण एक कळलं नाही. इतकं काम चालू होतं तर दीड वर्षात एकही कुपन का नाही? दुसऱ्या कंपनीचा गोंद घेत होता का? की तब्येत? हेमाकाकूंशी फोनवर बोलले. त्या म्हणाल्या उजवा खांदा वर जात नाही, रोज शेक लागतो. हे तुम्ही लिहिलं नाहीत.

सावनी


तेलीबाग
२ फेब्रुवारी २०२५

चि. सावनी,

एकेक घेतो.

मेसेज. ‘प्रिय सदस्य’ म्हणून सुरू होणारा मजकूर मी वाचत नाही. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, गुडघे बदलून घ्या, सगळे ‘प्रिय’नंच सुरू होतात. तरीही वाचायला हवा होता. हे तुझं बरोबर. पुढे.

दुसऱ्या कंपनीचा गोंद. नऊ वर्षांत दुसरा डबा या दुकानात आलेला नाही. तुमचा डबा बाकीच्यांपेक्षा महाग आहे. लाटूश रोडवरचा दुकानदार मला दर वेळी म्हणतो, “दादा, सस्ता वाला ले लो, लकड़ी को क्या पता.” मी घेत नाही. तो जास्तीचा भाव मी देतो, त्यातून तुम्ही पॉइंट देता, मग त्याला बक्षीस का म्हणता? माझेच आहेत ते. माझं तुमच्याकडे ठेवलेलं तुम्ही परस्पर पुसून टाकलंत आणि वर मला समजावता की मेलेल्या माणसांमुळे पुसावं लागलं. मी मेलेलो नाही. फोन लावून बघायला किती वेळ लागतो?

कुपन केव्हा खरडायचं ते मी ठरवतो. त्याचं कारण कंपनीला सांगायला मी बांधील नाही.

आता पाटी. ती तू काढलीस, आणि ती मला लागली. दोन दिवस पत्र लिहिलं नाही ते त्यामुळे.

पाटी खरी. आलमबागच्या एका दुकानात तशी बघितली होती, मलाही रुबाबदार वाटली. पण तिच्याखाली मी एकदाही कोणाचा माल विकलेला नाही. दुकानात मागच्या बाजूला एक पाळणा आहे. नऊ वर्षांपूर्वी एक जोडपं ऑर्डर देऊन गेलं, बयाणा देऊन गेलं, पुन्हा आलं नाही. का आलं नाही ते मी विचारायला गेलो नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात. गिऱ्हाईक मागतं, चांगली किंमत देतं. मी देत नाही. दिवाळीला त्याला तेलाचा हात देतो. उद्या ती माणसं आली तर पाळणा त्यांचा आहे.

तरी लिहिलेलं ते लिहिलेलंच. काल पाटी उतरवली. इश्तियाक विचारत होता, “भाईजान, दुकान बंद कर रहे हैं क्या?” इश्तियाक म्हणजे शेजारच्या गाळ्यातला, मलिहाबादचा, दारं-चौकटी करतो. त्याला म्हटलं, पुतणीनं कान धरला.

मी पाटी काढली. तुमचा नियम कधी काढताय?

खांद्याबद्दल तुझ्या काकूनं जे सांगितलं ते तिचं मत आहे.

दत्तात्रय


पुणे
१४ फेब्रुवारी २०२५

दत्ताकाका,

घाईत चार ओळी. काम झालं. पॉइंट परत जमा झालेत, कमी पडत होते तेवढे मी योजनेतून भरून घेतले, आणि टेबल सॉची ऑर्डरसुद्धा गेली. पुढच्या आठवड्यात दुकानावर येईल. कसं केलं ते विचारू नका, मशीन चालू करा आणि खांद्याला सुट्टी द्या.

पाळण्याचं वाचून आईला फोन केला. तिलाही ते वाचून दाखवलं.

सावनी


तेलीबाग
२६ फेब्रुवारी २०२५

सावनी,

कसं केलंस ते मला विचारावं लागलं नाही. टेम्पोवाल्यानं सांगितलं.

सकाळी अकराला टेम्पो आला. दुकानात मलिहाबादचे एक आंब्याचे बागवाले बसलेले, बंगल्याच्या चौदा दारांची गोष्ट चाललेली, माप ठरलं होतं, लाकूड ठरलं होतं. टेम्पोवाला चलन वाचत आत आला. “दत्तात्रय जी? लंबी बीमारी वाले केस में विशेष छूट. साइन कर दीजिए.” मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून, अगदी प्रेमानं, “अब तबियत कैसी है बाबूजी?”

मी म्हटलं, कोण आजारी?

तो म्हणाला, “इसमें तो आप ही हैं.”

बागवाले उठले. चांगला माणूस, तोंडावर काही वाईट बोलला नाही. “पहले आप ठीक हो लीजिए, दरवाज़े कहाँ भागे जा रहे हैं.” संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन, काम दुसऱ्याला दिलं. दोन दिवसांत रायबरेली रोडच्या प्लायवाल्यापर्यंत बातमी पोचली की मराठी दादांचं काही खरं नाही. एकानं हार्टचं म्हटलं. एकानं मला आवळ्याचा रस आणून दिला.

मशीन मी उतरवून घेतलं नाही. त्याच टेम्पोत परत पाठवलं. पॅकिंगची पट्टीसुद्धा कापली नाही.

तू माझ्या नावानं आजाराचा खोटा अर्ज केलास. तुझ्या सांगण्यावरून काकूनं त्यावर सही केली. तिला विचारलं तर म्हणते, “खांदा दुखतो हे खोटं आहे का? शेक काय शेजाऱ्याला देते मी?” दोन दिवस घरात फक्त मीठ आणि पाणी एवढंच बोलणं झालं. खांदा दुखतो. दुखऱ्या खांद्यानं मी साडेअकरा फुटांचं कपाट उभं केलं. याला आजारपण म्हणत नाहीत. तू मला निष्क्रिय ऐवजी आजारी केलंस आणि तुला वाटलं उपकार झाला.

आता ऐक, कुपनं का खरडली नाहीत ते. सांगणार नव्हतो, कारण माझ्या कामाच्या पद्धतीचं स्पष्टीकरण मी आजवर कोणाला दिलेलं नाही. मला कोणी शिकवलं नाही. वडील एअरफोर्समध्ये, इथल्या बक्शी का तालाबच्या तळावर. तिथं फेकलेल्या खोक्यांच्या फळ्यांवर मी हात बसवला. उस्ताद नव्हता, म्हणून चूक दाखवणारं कोणी नव्हतं. चूक दाखवायची ती फक्त हवा. इथली बरसात लाकूड फुगवते, मग थंडी आवळते. पहिली दहा वर्षं माझे खण बरसातीत अडकायचे आणि थंडीत खडखडायचे. तेव्हापासून माझा नियम: काम एक बरसात आणि एक थंडी काढत नाही तोवर ते पूर्ण नाही. शेवटचा हप्ता मी तेव्हाच घेतो, आणि कुपनही तेव्हाच खरडतो. जोडानं जोर धरला की नाही हे ठरायच्या आधी गोंदाचं बक्षीस कसलं घ्यायचं?

शर्मिष्ठाबाईंच्या स्वयंपाकघरात पहिल्या बरसातीत सहा खण अडकले. मी बावीसच्या बावीस उतरवून पुन्हा केले. मग दुसरी बरसात बघितली, दुसरी थंडी लागू दिली. डिसेंबरात एका बोटानं सगळे खण सरकले, तेव्हा घरी आलो आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. कुपनांनी गच्च भरलाय तो. तुमचा इतका गोंद मी आयुष्यात कधी वापरला नव्हता, जितका निष्क्रिय असताना वापरला.

तो आजाराचा कागद रद्द कर. पॉइंट पुन्हा शून्य झाले तरी चालतील.

दत्तात्रय


तेलीबाग
२४ मार्च २०२५

सावनी,

महिना झाला, पत्र नाही. रागावली असलीस तर तसं लिही. न लिहिणं आपल्यात नाही.

दत्ताकाका


पुणे
१९ एप्रिल २०२५

दत्ताकाका, नमस्कार.

रागावले नव्हते. लाजले होते, आणि मग भांडत होते. इथं, ऑफिसात.

तो अर्ज मी दुसऱ्याच दिवशी मागे घेतला. तुमची चौदा दारं गेली ते माझ्यामुळे.

तुमचं पत्र मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. बरसातीचा भाग वाचताना साहेबांनी फोन खाली ठेवला, हे माझ्या पाच वर्षांत पहिल्यांदा झालं. मी म्हटलं, आपण माणूस काम करतो की नाही हे मोजतच नाही, तो फोन उचलतो की नाही एवढंच मोजतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं नियम गेला.

नियम गेला नाही. हिशेबवाल्यांनी सांगितलं की सगळ्यांचे पॉइंट परत केले तर वर्षाचा नफा हलेल. पण तुमची गोष्ट मात्र त्यांना फार आवडली. त्यांना तुमच्यावर दोन मिनिटांची फिल्म करायची आहे. तुमचं दुकान, तुमचे हात, बावीस खण. ती सगळ्या कारागिरांच्या फोनवर जाईल. बदल्यात तुमचे सगळे पॉइंट, टेबल सॉ, आणि वर मानधन. कागद सोबत जोडलाय. शेवटी तुम्ही कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचं: “मैं रुक गया था. दृढजोड परिवार ने फिर हाथ थामा.”

हे वाक्य बदला म्हणून मी सांगून पाहिलं. ते म्हणतात गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. थांबलेला माणूस परत येतो, हे बघून बाकीचे वेळेत कुपनं खरडतील.

तुमच्या शेजारच्या इश्तियाकभाईंचं खातं पाहिलं. त्यांचेही बारा हजार गेलेत. त्यांच्यासाठी काही करता येणार नाही, कारण ते खरोखरच थांबले होते.

माझं मत विचारलंत तर घ्या. बाबांचंही तेच आहे, ते म्हणाले, “दत्ताला सांग, एक वाक्य आहे, बोलून टाक.” फिल्म माझ्या नावावर जमा होईल, बढतीची वेळ आहे, हेही सांगते, म्हणजे नंतर कळून तुम्हाला वाटायला नको. पण त्यासाठी नाही. खांद्यासाठी घ्या. दहा मेपर्यंत कळवायचं आहे.

सावनी


तेलीबाग
५ मे २०२५

चि. सावनीस आशीर्वाद.

बढतीचं आधीच सांगितलंस, बरं केलंस. मीटिंगमध्ये भांडलीस तेही. विश्वासला, तुझ्या बाबाला, सांग, एक वाक्य बोलून टाकायचं असतं तर मी चाळीस वर्षं लाकूड कशाला रंधलं असतं, त्याच्यासारखा बँकेत गेलो असतो.

तुझं पत्र घेऊन मी इश्तियाककडे गेलो. त्याचे बारा हजार गेले हे मला माहीतच नव्हतं. शेजारी गाळा, रोज एका किटलीतला चहा, आणि हा माणूस बोलला नाही. तो अमौसीकडे एका इमारतीच्या परांचीवरून पडला होता, कमरेचं हाड गेलं. पावणेदोन वर्षं खाटेवर. त्याच्या घरच्यांनी त्या काळात आंब्याच्या पेट्या ठोकून घर चालवलं. मी चिडून विचारलं, मियाँ, मी जानेवारीपासून गावभर तमाशा करतोय, तुम्ही एक शब्द नाही काढला?

तो रंधा खाली ठेवून म्हणाला, “भाईजान, आप तो काम कर रहे थे. हम तो सचमुच बैठे थे. हम किस मुँह से माँगें?”

सावनी, हे वाक्य माझ्या तोंडून त्याच्या डोक्यात गेलेलं आहे. चार महिने मी अड्ड्यावर एकच ओरडत होतो की मी निष्क्रिय नव्हतो, म्हणून माझे परत द्या. म्हणजे जो निष्क्रिय होता त्याचे गेले ते ठीक, असंच मी त्याला त्याच्या समोर बसून रोज सांगत होतो, त्याचाच चहा पीत.

तुला पहिल्या पत्रात ती लांबलचक यादी लिहिली. त्या यादीची गरजच नव्हती. इश्तियाकनं पडायच्या आधी ज्या चौकटी केल्या त्या आजही लोकांच्या घरात उभ्या आहेत. तो खाटेवर पडला म्हणून त्या उखडल्या गेल्या नाहीत. त्यात तुमचाच गोंद आहे, आणि तो अजून धरून आहे. मग त्याचे पॉइंट कुठल्या हिशेबानं सुटतात? माणूस पुढे काम करतो की आजारी पडतो, की रिक्षा घेतो, की मरतो, याच्याशी झालेल्या कामाचा संबंध काय? मेला तर त्याच्या बायकोला द्या. दुकानदार लबाडी करतो तर दुकानदाराला धरा. पैसे बाजूला काढून ठेवावे लागतात म्हणतेस, तर काढा आणि ठेवा. शब्द देताना कोणी तुमचा हात धरला नव्हता.

आणि तुमचे साहेब मला कॅमेऱ्यासमोर उभं करून ‘मैं रुक गया था’ वदवून घेणार, म्हणजे ते बघून इश्तियाकसारखे चार जण आणखी मान खाली घालतील. हाथ थामा म्हणे. कंबर मोडली तेव्हा कोणी थामला नाही.

टेबल सॉ आली असती तर खांदा आणखी दहा वर्षं चालला असता, हे मला तुझ्या काकूपेक्षा जास्त कळतं. आता मोठ्या फळ्या प्लायवाल्याकडून कापून आणेन आणि त्याच्या मापावर कटकट करेन. मोठी कामं घेणार नाही. हे मी नीट विचार करून लिहितो आहे. रागात नाही असं म्हणत नाही, पण रागात माझं माप चुकत नाही.

काकूनं पत्र वाचलं. म्हणाली, “शेक देणं माझ्याच नशिबी आहे तर.” आणि गरम पाण्याची पिशवी भरायला गेली. म्हणजे बोलणं सुरू झालंय.

कंपनीला वेगळं लिहिलं आहे, हिंदीत, त्यांच्या साहेबांच्या नावानं. त्यात तुझं नाव कुठंही नाही. तू मात्र तिथंच राहा आणि भांडत राहा. आतून भांडणारं कोणीतरी लागतं. आंबे जूनच्या मध्यावर पाठवतो, इश्तियाकच्या मामाच्या बागेतले.

तुझा काका,
दत्तात्रय

ता. क. काकाला काही मिळालंच नव्हतं म्हणून त्यानं तोरा दाखवला, असं तिथं कोणी म्हणू नये, म्हणून मी काय नाकारलं ते सहीखाली लिहून देतो. माझे अठ्ठावन्न हजार चारशे पॉइंट; एक टेबल सॉ, घरपोच; आणि एका वाक्याचे दोन लाख पंचेचाळीस हजार रुपये.